हार्ट रेट मॉनिटर लावून धावायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

हार्ट रेट मॉनिटर, म्हणजे मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात ते दाखवणारं यंत्र, हातात आलं की पहिल्या आठवड्यातच तीन प्रश्न पडतात. दिसतोय तो आकडा खरा आहे का? माझ्यासाठी तो जास्त आहे की ठीक? आणि त्याचं करायचं काय? उत्तरंही याच क्रमाने शोधावी लागतात. बहुतेक जण मात्र थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. घड्याळाने स्वतःहून आखलेले झोन (हलकं ते कठीण असे ठोक्यांचे टप्पे) खरे मानून धावायला लागतात, आकडे आणि दम यांचा मेळ बसत नाही, आणि थोड्याच दिवसांत यंत्र कपाटात जाऊन पडतं. हा सगळा गोंधळ मी जवळून पाहिलाय. तो टाळता येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. नव्या धावपटूला या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग वेग आवरण्यासाठी होतो. आपण रोजची धाव गरजेपेक्षा जोरात धावतो. ना ती हलकी असते, ना खऱ्या अर्थाने कठीण. थकवा साठत जातो आणि ज्या दिवशी खरंच जोर लावायचा असतो त्या दिवशी पाय उचलत नाहीत. दम किती लागला पाहिजे याचा अंदाज यायला अनुभव लागतो. तो येईपर्यंत हा आकडा तुम्हाला वेळेवर थांबवतो.

सुरू करण्याआधी

पुढे एक चाचणी आहे, ज्यात हृदयाला पूर्ण ताण द्यावा लागतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, चालताना-धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम सुटलेला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पेसमेकर असलेल्यांनी छातीचा पट्टा वापरण्याआधी विचारलंच पाहिजे. गरोदर असाल तर झोनचे आकडे स्वतः ठरवू नका.

रक्तदाबासाठी किंवा अन्य कारणाने बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर ती हृदयाचे ठोके नेहमीसारखे वाढू देत नाही. अशा वेळी या लेखातली कोणतीही आकडेमोड तुम्हाला लागू होणार नाही. तुम्ही श्वासावरून धावा. तो भाग पायरी ८ मध्ये आहे.

काय काय लागेल

- छातीचा पट्टा किंवा दंडाचा सेन्सर, नाहीतर मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ
- पट्ट्याचा आकडा दाखवणारं घड्याळ किंवा फोन
- पट्ट्यासाठी एक जादा बटन सेल (कोणता लागतो ते सेन्सरच्या मागे लिहिलेलं असतं, २०२५ आणि २०३२ दिसायला सारखे असले तरी जाडी वेगळी असते)
- एक चढ, दोन-तीन मिनिटं सलग धावता येईल इतका लांब
- एक सपाट, रहदारी नसलेला रस्ता किंवा ट्रॅक
- एक वही. ॲप सगळं जपतं, पण त्या दिवशी झोप कशी होती आणि ऊन किती होतं हे ॲपला कळत नाही.

१. यंत्र निवडा

ठोके मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संदेश त्वचेवरून टिपतो, म्हणजे ईसीजीचंच साधं रूप. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो यावरून ठोके ओळखतं. पहिल्या पद्धतीत मोजमाप थेट आहे. दुसऱ्या पद्धतीत अंदाज आहे, आणि हात हलत असताना तो चुकतो.

पट्ट्याचं तंत्र फिनलंडमधून आलं. ऊलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सॅय्नॅयॅकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी सुरू केली आणि १९८२ मध्ये कंपनीचा बिनतारी मॉनिटर बाजारात आला. आज कितीतरी कंपन्यांचे पट्टे मिळतात, आणि नव्या धावपटूला त्यांच्यात जाणवेल असा फरक नसतो. ब्लूटूथ आणि अँट प्लस (पट्टा घड्याळाशी जोडण्याची दुसरी बिनतारी पद्धत) या दोन्हींवर चालणारा साधा पट्टा घ्या. धावण्याची लय, पाय जमिनीवर किती वेळ टेकला, असल्या जादा आकड्यांसाठी महाग पट्टा घ्यायची आत्ता गरज नाही.

पट्टा छातीला काचतो म्हणून नको असेल, तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर हा चांगला मधला मार्ग आहे. दंड मनगटापेक्षा कमी हलतो आणि तिथे मांस जास्त असतं, त्यामुळे आकडा बराच स्थिर राहतो. नुसतं मनगटाचं घड्याळ असेल तरी हलक्या, एकसारख्या वेगाच्या धावांसाठी ते पुरतं. चाचणी आणि वेगाचे सराव मात्र त्याच्या भरवशावर करू नका. पट्टा कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा.

२. नीट बांधा

पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर यायला हवा. स्त्रियांनी तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली सरळ बसवावा. खोल श्वास घेताना अडथळा वाटणार नाही, पण उड्या मारल्या तर घसरणार नाही, इतका घट्ट हवा. आतल्या बाजूला दोन गुळगुळीत किंवा रबरी पट्ट्या असतात. तेच इलेक्ट्रोड. धावायला निघण्याआधी ते पाण्याने चांगले ओले करा. हे वगळलं की पहिली दहा मिनिटं, घाम येईपर्यंत, आकडा १८०-१९० वर उड्या मारतो आणि नवा माणूस घाबरतो. हवा कोरडी असेल आणि अंगात सैल सिंथेटिक बनियन असेल तर कापडाच्या घर्षणातून स्थिर वीज तयार होते, तिनेही असंच होतं. इलेक्ट्रोड ओले ठेवा आणि अंगालगत बसणारा कपडा घाला, त्रास बहुधा संपतो.

मनगटाचं घड्याळ हाडाच्या उंचवट्यावर बांधू नका. त्याच्या दोन बोटं वर, कोपराच्या दिशेने सरकवा आणि धावण्यापुरतं एक घर घट्ट करा. थंडीत त्वचेखालचं रक्ताभिसरण कमी होतं, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं घड्याळ गोंधळतं. गडद गोंदण असलेल्या जागी तर प्रकाश आत पोचतच नाही. तिथे हात बदला.

धाव झाली की सेन्सर पट्ट्यापासून काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला तो लटकलेला राहिला तर त्याला वाटतं अजून अंगावरच आहे, आणि सेल विनाकारण संपतो. पट्टा दर वेळी साध्या पाण्याने खळबळा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा आणि सावलीत वाळवा. घामाचं मीठ इलेक्ट्रोडवर साचलं की पट्टा वर्षभरात निकामी होऊ शकतो.

३. आकडा खरा आहे का ते तपासा

ही पायरी जवळजवळ सगळेच सोडतात. स्वस्थ बसा, मनगटावर किंवा मानेवर दोन बोटांनी नाडी शोधा, ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करा आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून पाहा. मग दहा मिनिटं धावा, थांबल्या थांबल्या १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. थांबताच ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून उशीर करू नका. पाच-सहा ठोक्यांचा फरक चालेल. वीसचा आला तर यंत्र नीट बसलेलं नाही.

मनगटाच्या घड्याळाचा एक खास घोटाळा असतो, तो नीट समजून घ्या. धावताना आपली पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. हाताचा झोका त्याच तालात असतो. घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी हा तालच मोजायला लागतं. तुम्ही आरामात गप्पा मारत धावताय आणि आकडा १७२ वर चिकटून बसलाय, असं दिसलं तर पावलांची गती पाहा. तीही १७२ च्या आसपास असेल तर तो आकडा हृदयाचा नाही. थांबा, घड्याळ थोडं वर सरकवा, आकडा खाली येऊ द्या आणि पुन्हा निघा. ‘माझा हार्ट रेट नेहमीच खूप जास्त असतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे तपासावं.

आलेखही बघायची सवय लावा. खरे ठोके क्रमाक्रमाने चढतात आणि उतरतात, एका क्षणात मोठी उडी मारत नाहीत. दोन सेकंदांत १३५ वरून १९० झालेला आकडा यंत्राची चूक असण्याचीच शक्यता जास्त. पण अशा उडीसोबत तुम्हाला स्वतःला धडधड जाणवली, गरगरलं किंवा छाती भरून आली, तर तो यंत्राचा दोष मानून पुढे धावू नका. थांबा आणि डॉक्टरांना तो आलेख दाखवा.

४. विश्रांतीचा हार्ट रेट शोधा

सकाळी जाग आल्यावर, उठण्याआधी, आडवं असतानाच मोजा. अलार्मने दचकून उठलात तर दोन मिनिटं थांबा. लघवीला लागली असेल तर जाऊन या, पुन्हा पाच मिनिटं पडा आणि मग मोजा. आठवडाभर रोज आकडा वहीत लिहा आणि सरासरी काढा. प्रौढांमध्ये तो साधारण ६० ते १०० असतो. नियमित धावणाऱ्यांचा बऱ्याचदा ५० च्या घरात किंवा त्याखालीही जातो.

हा आकडा पुढे दोन कामांना येतो: झोन आखायला, आणि शरीर सावरलंय का हे ओळखायला. नेहमी ५६ येणारा आकडा एखाद्या सकाळी ६४ आला तर झोप कमी झाली, ताप येऊ घातलाय, किंवा कालची धाव अंगावर आली, यातलं काहीतरी असतं. त्या दिवशी कठीण सराव पुढे ढकला. अनेक स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा आकडा दोन-चार ठोक्यांनी वर राहतो. तो आजार समजू नका. आपल्या चक्राची नोंद वहीत असली की फरक ओळखता येतो.

५. कमाल हार्ट रेट शोधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

२२० वजा वय हे सूत्र तुम्ही ऐकलेलं असेल. १९७० च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी तेव्हा हाताशी असलेल्या आकडेवारीवरून काढलेली ती एक ढोबळ रेषा आहे. हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जास्त माहितीवर आधारलेलं दुसरं सूत्र मांडलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. वयाच्या चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० च देतात. साठीला मात्र पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. विशीत उलट होतं: २०० आणि १९४.

पण मूळ अडचण कोणतं सूत्र बरोबर ही नाही. दोन्ही सूत्रं त्या वयाच्या लोकांची सरासरी सांगतात. एकाच वयाच्या निरोगी माणसांत कमाल हार्ट रेट सरासरीच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि काहींमध्ये फरक त्याहून मोठा असतो. समजा, तुमचा खरा कमाल १९५ आहे आणि घड्याळ १८० धरून बसलंय. मग तुमची साधी हलकी धावही घड्याळाला कठीण दिसेल आणि ते सतत कोकलत राहील. खरा कमाल १६८ असेल तर त्याहून वाईट: ‘हलक्या’ झोनमध्ये धावतोय असं समजून तुम्ही रोज दम काढाल. कमाल हार्ट रेट जास्त असणं हे जास्त ताकदीचं लक्षण नाही, कमी असणं दुबळेपणाचंही नाही. तो सरावाने फारसा बदलतही नाही. वयाबरोबर हळूहळू उतरतो, एवढंच.

म्हणून मोजा. किमान दोन-तीन महिने नियमित धावत असाल, तब्येत ठणठणीत असेल आणि आदले दोन दिवस हलके गेले असतील, तरच पुढची चाचणी करा. सोबत कोणीतरी असू द्या.

१५ ते २० मिनिटं हलकं धावा, शेवटी तीन-चार छोट्या झपाट्याच्या धावा घ्या. मग चढावर दोन ते तीन मिनिटं जोरात धावा, हळू धावत खाली या. पुन्हा तेच, आधीपेक्षा जोरात. तिसऱ्या वेळी चढाच्या शेवटच्या मिनिटात काहीही राखून ठेवू नका. माथ्यावर किंवा थांबल्यावर पहिल्या काही सेकंदांत दिसणारा सर्वांत मोठा आकडा हा तुमचा कमाल हार्ट रेट, किंवा त्याच्या दोन-तीन ठोके जवळचा. नंतर दहा मिनिटं चालत, हळू धावत शरीर निवू द्या. एकदम बसू नका. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर चाचणी तिथेच संपली.

पाच किलोमीटरच्या शर्यतीत शेवटचे पाचशे मीटर जीव तोडून धावलात तर तिथे दिसलेला सर्वोच्च आकडाही चालतो. फक्त आलेख सलग चढत गेलेला हवा.

एवढा ताण नको असेल तर दुसरी वाट आहे, आणि अनुभवी धावपटूंना तीच जास्त आवडते. अमेरिकी प्रशिक्षक जो फ्रील यांची ही चाचणी आहे. चांगलं वॉर्मअप करून सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा सर्वांत जास्त वेगाने धावायचं. दहा मिनिटं झाली की घड्याळाचं लॅपचं बटन दाबायचं, म्हणजे तिथून पुढची नोंद वेगळी होते. शेवटच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड: ज्याच्या वर गेलं की दम फार काळ टिकत नाही, तो उंबरठा. पहिल्या वेळी बहुतेक जण सुरुवातीलाच सुटतात आणि विसाव्या मिनिटाला ढेपाळतात. तसं झालं तर निकाल बाजूला ठेवा आणि आठवड्याने पुन्हा करा.

सायकलवर काढलेला कमाल आकडा धावण्यासाठी वापरू नका. सायकलवर तो बहुधा काही ठोके कमी येतो.

६. झोन आखा

इथे सापळा असा: झोन काढायच्या निदान तीन पद्धती आहेत, तिन्हींत टक्के आहेत, आणि एका पद्धतीचे टक्के दुसऱ्या पद्धतीत घातले की सगळंच बिघडतं.

उदाहरण घेऊ. कमाल १८४, विश्रांतीचा ५६, थ्रेशोल्ड १६८.

पहिली पद्धत: कमालचे थेट टक्के. ७० टक्के म्हणजे १२९.

दुसरी पद्धत: मार्टी कार्व्होनेन या फिनिश संशोधकाची, १९५७ पासूनची. कमालमधून विश्रांतीचा वजा करा: १८४ वजा ५६ म्हणजे १२८. हा तुमचा राखीव साठा. त्याचे ७० टक्के सुमारे ९०. त्यात ५६ परत मिळवा: १४६.

दोन्हीकडे ७० टक्केच, पण फरक १७ ठोक्यांचा. कुणी ‘सत्तर टक्क्यांवर धाव’ म्हणालं तर आधी कशाचे सत्तर टक्के ते विचारा.

तिसरी पद्धत: थ्रेशोल्डचे टक्के. जो फ्रील यांच्या आखणीत धावण्याचा दुसरा झोन ८५ ते ८९ टक्क्यांचा आहे. १६८ चे ते होतात १४३ ते १५०.

माझं मत विचाराल तर थ्रेशोल्ड चाचणी नीट जमली असेल तर तिसरी पद्धत घ्या, नाहीतर कार्व्होनेन. या उदाहरणात हलक्या धावेची वरची हद्द एकीने १४६ आणि दुसरीने १५० दिली. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच जागी पोचल्या. पाच झोन तोंडपाठ करायची गरज नाही. सुरुवातीला दोनच आकडे लक्षात ठेवा: हलक्या धावेची वरची हद्द आणि थ्रेशोल्ड. या व्यक्तीसाठी १४६ आणि १६८.

७. घड्याळ लावून घ्या

सेटिंगमध्ये जाऊन कमाल, विश्रांतीचा आणि थ्रेशोल्डचा आकडा स्वतः भरा. झोन कशाच्या टक्क्यांवर आहेत ते तिथेच बदलता येतं. कमाल हार्ट रेट आपोआप ओळखण्याची सोय असेल तर बंद करा, नाहीतर कोरड्या पट्ट्याने दिलेली एक खोटी उडी तुमचा नवा कमाल म्हणून नोंदली जाईल. नोंद दर सेकंदाला होईल असं निवडा. हलक्या धावेच्या हद्दीवर कंपनाचा इशारा लावा. धावतानाच्या पडद्यावर हार्ट रेट, वेळ आणि अंतर एवढंच ठेवा. हलक्या धावेत पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) दिसूच देऊ नका. तो दिसला की मन त्याच्यामागे पळतं.

पट्टा जोडला जात नसेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहा. काही पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाला धरतात, आणि फोनने तो आधीच पकडून ठेवलेला असतो. दोन्हींवर आकडा हवा असेल तर घड्याळ अँट प्लसवर जोडा. पट्टा अंगावर चढवल्याशिवाय तो शोधात दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

८. हलक्या धावा खरोखर हलक्या धावा

आता खरं काम. आठवड्यातल्या बहुतेक धावा तुमच्या हलक्या हद्दीच्या खाली ठेवा. नॉर्वेमध्ये काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी दमसासाच्या खेळांतले अव्वल खेळाडू कसा सराव करतात याचा अभ्यास केला, तेव्हा साधारण पाचपैकी चार सराव कमी तीव्रतेचे असल्याचं दिसलं. तुम्ही आठवड्यात चार वेळा धावत असाल तर तीन हलक्या आणि एक कठीण, इतकं साधं ठेवा.

पहिल्या धावेलाच धक्का बसेल. हद्द सांभाळायची तर वेग इतका उतरतो की हे धावणं आहे की चालणं असा प्रश्न पडतो. चढावर तर चालावंच लागतं. चाला. हद्द ओलांडली की चाला, आठ-दहा ठोके उतरले की पुन्हा धावा. आधीचे सोबती पुढे निघून जातील, जाऊ द्या. काही आठवडे असे काढले की हळूहळू चालण्याचे तुकडे लहान होतात आणि एक दिवस पूर्ण फेरी न थांबता होते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, म्हणून हे घडतं. या बदलाला आठवडे आणि महिने लागतात. त्याला घाई चालत नाही.

आकड्यासोबत श्वासही तपासत राहा. हलक्या धावेत पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, आकडा काहीही म्हणो. आकडा आणि बोलणं यांचं सतत जुळत नसेल, समजा १५५ वरही तुम्ही निवांत बोलताय, तर बहुधा कमालचा आकडा चुकीचा धरलाय. पायरी ५ कडे परत जा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी ही बोलण्याची कसोटीच मुख्य मोजपट्टी आहे.

अगदीच नवीन असाल, अजून दहा मिनिटंही सलग धावता येत नसेल, तर महिना-दोन महिने झोन विसरून जा. त्या काळात कितीही सावकाश धावलात तरी आकडा चढतोच. चालणं आणि धावणं आलटून पालटून करा आणि पट्टा नुसता नोंदीपुरता लावा.

९. वेगाच्या सरावात आकड्यामागे लागू नका

हृदय मागाहून येतं. तुम्ही वेग वाढवलात की ठोके त्या पातळीला पोचायला मिनिट-दोन मिनिटं जातात. म्हणून २०० किंवा ४०० मीटरच्या तुकड्यांत स्क्रीनवरचा आकडा तुम्ही काय करताय ते सांगतच नाही. तो वर जाईपर्यंत तुकडा संपतो. तिथे आकडा गाठायला गेलात तर पहिले दोन तुकडे प्रमाणाबाहेर जोरात धावाल आणि उरलेले वाया जातील. छोटे तुकडे वेळेवर किंवा अंगाच्या अंदाजावर धावा. दोन तुकड्यांमधल्या विश्रांतीत मात्र आकडा उपयोगी पडतो: तो पुरेसा उतरला की पुढचा तुकडा.

वीस मिनिटांच्या सलग टेम्पो धावेत (जोरकस, पण टिकवता येणाऱ्या वेगाच्या), चार-पाच मिनिटं स्थिरावल्यावर, आकड्यावर भरवसा ठेवता येतो. थ्रेशोल्डच्या थोडं खाली राहा. सरासरी हार्ट रेट बघून वेगाच्या सरावाचा निष्कर्ष काढू नका. वर-खाली होणाऱ्या आकड्यांच्या सरासरीतून काही कळत नाही.

१०. आकडा चढण्याची कारणं ओळखा

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, कालपेक्षा आज दहा ठोके जास्त? घाबरण्याआधी पाहा: ऊन आणि दमट हवा, कमी पाणी, कमी झोप, चहा-कॉफी, मनावरचा ताण, उंच ठिकाण, आदल्या दिवशीची कठीण धाव. यातलं काहीही पुरतं. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, म्हणून तेवढंच रक्त पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. अशा दिवशी आकड्याचं ऐका आणि वेग सोडा. तापात मात्र धावूच नका, अगदी हळूही नाही.

लांब धावेत वेग तोच असूनही तासाभराने ठोके वर सरकतात. हेही याच कारणाने होतं. सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने धावून पहिल्या अर्ध्या भागाची आणि दुसऱ्या अर्ध्या भागाची सरासरी पाहा. पहिल्या भागात १४०, दुसऱ्यात १४७ म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. वाढ पाचच्या आत असेल तर त्या अंतरासाठी तुमचा पाया तयार आहे, अंतर वाढवायला हरकत नाही. दहाच्या पुढे असेल तर काही आठवडे तेवढ्याच अंतरावर थांबा.

आकडा नेहमीपेक्षा खाली राहणं हीसुद्धा खूण असते. पाय जड, दम लागतोय, पण ठोके वर जायलाच तयार नाहीत, असं दोन-तीन दिवस चाललं तर साठलेला थकवा बोलतोय. विश्रांती घ्या.

११. महिन्यातून एकदा ताडून पाहा

एक सपाट रस्ता ठरवा. पंधरा मिनिटं वॉर्मअप करा. मग ३० मिनिटं एकाच हार्ट रेटवर, समजा १४० वर, दोन-तीन ठोके इकडे-तिकडे, धावा आणि किती अंतर झालं ते लिहा. दर महिन्याला त्याच वेळी, शक्यतो तशाच हवेत, हेच करा. तेवढ्याच ठोक्यांत अंतर वाढत गेलं तर पाया भक्कम होतोय. घड्याळ दाखवतं त्या फिटनेसच्या गुणांपेक्षा मी या एका नोंदीवर जास्त विश्वास ठेवतो. सलग दोन महिने अंतर वाढलं नाही तर आधी हलक्या धावा खरंच हलक्या होताहेत का ते नोंदींत तपासा.

थ्रेशोल्डची चाचणी तीन-चार महिन्यांनी पुन्हा करा आणि घड्याळातला आकडा बदला. कमाल हार्ट रेट वर्षभर तसाच ठेवलात तरी चालेल.

१२. शर्यतीच्या दिवशी

सुरुवातीच्या रेषेवर उभं असतानाच आकडा नेहमीपेक्षा वर असेल. गर्दी आणि उत्साह यांचा तो परिणाम आहे. पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर त्याकडे बघू नका, सरावात ठरलेल्या पेसने धावा.

पाच आणि दहा किलोमीटरला आकड्याचा फारसा उपयोग नाही, तिथे पूर्ण जोर लावायचा असतो. अर्धमॅरेथॉनमध्ये पहिले दहा-बारा किलोमीटर थ्रेशोल्डच्या खाली काढा, नंतर आकड्याकडे बघणं सोडून द्या. मॅरेथॉनमध्ये मात्र पहिल्या अर्ध्या अंतरात हा आकडा फार मोलाचा आहे. अंग हलकं वाटत असतं, आजूबाजूचे पुढे जात असतात, अशा वेळी हद्दीचा इशारा चालू ठेवा आणि थ्रेशोल्डपासून बरंच खाली राहा. किती खाली ते आधीच्या लांब धावांच्या नोंदींवरून ठरवा, आणि त्या दिवशी ऊन असेल तर पेस सोडा, हद्द सोडू नका. तीस किलोमीटरनंतर ठोके आपोआप वर सरकतील. तो वेग वाढल्याचा पुरावा नसतो, म्हणून तिथे इशारा बंद करा आणि पडदा बदलून उरलेलं अंतर समोर ठेवा.